एक चटका दिसला नाही, एक कळला नाही

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

संपादकांनी पत्रांचं बाड पाठवलं. निम्म्याहून अधिक पत्रं एकाच मजकुराची आहेत: ‘सोबत रिपोर्ट जोडला आहे, काय झालंय ते कळवा.’ ती मी बाजूला ठेवली, रागावू नका. पेशंटची जीभ न बघता, पोटाला हात न लावता निदान सांगायला मी ज्योतिषी नाही. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं तापाचे पेशंट बघणारी साधी फिजिशियन आहे. उरलेल्यांतली पाच पत्रं निवडली आहेत. पाचही ठिकाणी आजार ओळखीचाच निघाला, फक्त तो ओळखीच्या कपड्यांत आला नव्हता.

‘आईला ताप आला. दुसऱ्याच दिवशी विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) केली, ती पॉझिटिव्ह आली. टायफॉइड म्हणून आठ दिवस इंजेक्शनं दिली. ताप उतरला नाही, उलट दम लागायला लागला. कोल्हापूरला हलवलं तेव्हा स्क्रब टायफस निघाला. आई आता बरी आहे. पण पहिल्या डॉक्टरांची चूक झाली असं म्हणायचं का? आणि टायफॉइड आणि टायफस एकच का?’
*(एक शिक्षिका, गडहिंग्लज)*

दुसरा प्रश्न सोपा, तो आधी संपवते. नावं सारखी वाटतात, आजार वेगळे आहेत. टायफॉइड, म्हणजे आपला विषमज्वर, दूषित अन्नपाण्यातून येतो. स्क्रब टायफस येतो गवता-झुडपांत राहणाऱ्या एका बारीक कीटकाच्या पिल्लामुळे. हा चिगर माईट उंदरांच्या अंगावर वाढतो आणि माणूस गवतात बसला की त्यालाही चावतो. चावा दुखत नाही, कीटक डोळ्यांना धड दिसत नाही. साधारण दहा दिवसांनी ताप भरतो आणि तोवर आपण गवतात गेलो होतो हेही माणूस विसरलेला असतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा त्याचा हंगाम. 2018 साली नागपूर आणि विदर्भात त्याने बराच धुमाकूळ घातला, तेव्हा कुठे हे नाव मराठी वर्तमानपत्रांत नियमित दिसायला लागलं.

आता चुकीचं. दुसऱ्याची चूक काढण्याआधी माझी सांगते.

2014 चा ऑक्टोबर. जवळच्या वाडीवरची एक बाई, वय अडतिसाच्या आसपास, सहा दिवसांचा ताप घेऊन आली. डोकं फुटेल असं दुखत होतं. विडाल एकास एकशे साठ. मी टायफॉइड लिहिलं, ॲडमिट केलं, सेफ्ट्रिॲक्सोन सुरू केलं आणि निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी ताप तेवढाच, तिसऱ्या दिवशीही तेवढाच. मी मनाशी म्हटलं, टायफॉइडचा ताप योग्य औषधानेही उतरायला चार-सहा दिवस घेतो. ते खरंच आहे, आणि फसवणूक तिथेच होते. औषध लागू पडत नाहीये की वेळ घेतंय, हे त्या चार दिवसांत कळत नाही. तिसऱ्या रात्री तिला खोकला सुरू झाला, ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आला.

ताप एकशे तीन होता म्हणून आमच्या सिस्टर तिचं अंग पुसत होत्या. पुसायला परकराची नाडी सैल केली आणि त्या तशाच माझ्या केबिनमध्ये आल्या. दार लोटलं, आवाज खाली आणला. म्हणाल्या, ‘‘मॅडम, हिला नवऱ्याने चटका दिलाय. विडीचा. कंबरेवर.’’ नवरा बाहेर बाकावर बसला होता आणि त्याच्या कानावर विडी होती हेही खरं.

मी जाऊन बघितलं. नाडी बांधते बरोबर त्या रेघेवर, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी काळी खपली होती. कडेला लालसर वलय. दाबलं तरी दुखत नव्हतं. त्याच बाजूच्या जांघेत गाठ लागली. तिला विचारलं, हे काय? तिला ठाऊकच नव्हतं. मग विचारलं, दहा-बारा दिवसांपूर्वी काय करत होतीस? ‘‘गवात कापीत होतंय, आणि काय?’’ गुरांसाठी गवत कापायचं, दुपारी त्याच गवतावर भाकरी खायची, जरा लवंडायचं.

डॉक्सिसायक्लिन त्याच संध्याकाळी सुरू केलं. दीड दिवसात ताप उतरला. रक्त बाहेरगावी पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट ती घरी जायच्या दिवशी आला. डिस्चार्ज होईपर्यंत सिस्टर त्या नवऱ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. मी समजावलं तरी त्यांचं मत पूर्ण बदललं होतं असं मला वाटत नाही.

त्या काळ्या खपलीला आम्ही एस्कार म्हणतो. ती दिसली की निदान जवळजवळ हातात येतं. पण ती नेमकी अशा जागी असते जिथे ओपीडीत कुणी बघत नाही: काखेत, जांघेत, स्तनाखाली, कंबरपट्ट्याच्या घडीत. कपडे जिथे घट्ट बसतात तिथे तो कीटक थांबतो आणि चावतो. माझ्या पेशंटचे कपडे न उतरवता मी तीन दिवस इंजेक्शनं दिली. बाई, त्यातून कोकणातली, आणि खोलीत नवरा उभा. मला संकोच वाटला, तिलाही वाटला असता. त्या संकोचापायी ती जवळजवळ गेली होती. आणखी एक: खपली प्रत्येकाला असतेच असं नाही. नसेल तर निदान आणखी अवघड होतं.

मग ती इंजेक्शनं का चालली नाहीत? स्क्रब टायफसचा जंतू आपल्या पेशींच्या आत घर करून राहतो आणि या जातीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन आत शिरतं. गोळी जुनी आणि स्वस्त आहे. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन देतात. गंभीर पेशंटला दोन्ही एकत्र शिरेतून दिली तर जास्त फायदा होतो, हे 2023 मध्ये आपल्याच देशातल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं.

आणि विडाल? ही तपासणी 1896 सालची. टायफॉइड ज्या भागात सतत असतो तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ते आकडे थोडेफार वर असतात. पूर्वी कधी झालेला टायफॉइड, घेतलेली लस, दुसराच एखादा ताप, कशानेही ते चढतात. त्यात तुमच्या आईची विडाल दुसऱ्या दिवशी केली. खरा टायफॉइड असता तरी त्या दिवशी ती बोलली नसती, कारण त्या अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा लागतो. पहिल्या आठवड्यात खरं उपयोगी पडतं ते ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं), आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी काढलेलं. पण कल्चरला तीन दिवस लागतात, पैसे जास्त लागतात, आणि नातेवाईक विचारतात, ‘‘टायफॉइड निघाला का?’’ विडाल तासाभरात ‘निघाला’ म्हणते. आम्हा डॉक्टरांना आणि तुम्हालाही तो शब्द ऐकायचा असतो.

तर तुमच्या डॉक्टरांबद्दल: तिसऱ्या दिवशी ते चुकले असं मी म्हणणार नाही. आठव्या दिवशी चुकले. ताप तोच, औषध तेच, आणि दम नवा, तेव्हा पहिलं निदान पुसून पाटी कोरी करायला हवी होती. मला ते करायला सिस्टर लागल्या.

‘वडील, वय 58, मधुमेह आहे, गावी (वेंगुर्ल्याजवळ) शेती करतात. फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला. थुंकीत जंतू सापडला नाही, तरी टीबीचं औषध सुरू केलं. चार महिन्यांत वजन अकरा किलो उतरलं. मग लिव्हरमध्ये पू निघाला. आता मेलिऑइडोसिस म्हणतात. हे नाव आम्ही आयुष्यात ऐकलं नव्हतं. घरात लहान मुलं आहेत, त्यांना होईल का?’
*(मुलगा, पुण्यात नोकरी)*

मुलांना वडिलांपासून होणार नाही. माणसाकडून माणसाला हा आजार जाणं अतिशय दुर्मीळ आहे. त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलं असेल तर आजच परत एकत्र करा.

हा जंतू मातीत राहतो. आपल्या किनारपट्टीच्या लाल, ओल्या मातीत, भातशेतीच्या चिखलात, साचलेल्या पाण्यात. पावसाळ्यात तो वर येतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून किंवा श्वासावाटे आत जातो. धडधाकट माणसाला बहुधा काहीच करत नाही. मधुमेही माणूस मात्र त्याचं आवडतं घर. निम्म्याहून अधिक पेशंट मधुमेही असतात.

1911-12 च्या सुमारास रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी कृष्णस्वामी यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला. म्हणजे नवा मुळीच नाही. आपल्याकडे तो सापडत नव्हता कारण आपण शोधत नव्हतो. मंगळूर-मणिपाल पट्ट्यातल्या डॉक्टरांनी शोधायला सुरुवात केली तसे तिथे पेशंट दिसायला लागले. माती तिथून आमच्यापर्यंत सलग आहे, जंतूला राज्याची सीमा कुणी दाखवलेली नाही.

याच्या बहुरूपीपणाबद्दल मला एका बाजूने कौतुकच वाटतं. छातीच्या एक्स-रेत तो हुबेहूब टीबीसारखा दिसतो: वरच्या भागात डाग, बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम. कुणाच्या लिव्हरमध्ये आणि प्लीहेत पुवाच्या गाठी करतो, पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये पू करतो, लहान मुलांचा गाल गालगुंड झाल्यासारखा सुजवतो, कुणाच्या गुडघ्यात जाऊन बसतो. आणि कधी चार दिवसांत रक्तात पसरून माणूस नेतो.

तुमच्या वडिलांच्या फायलीत एक गोष्ट मला खटकली, म्हणून लिहिते. दीड महिन्यापूर्वीच्या थुंकीच्या कल्चरचा रिपोर्ट तुम्ही जोडलाय. त्यात ‘स्यूडोमोनास जातीचा जंतू’ असं लिहिलंय आणि पुढे कुणीतरी पेनाने ‘बहुधा भेसळ’ असं खरडलंय. हा जंतू साध्या लॅबमध्ये असाच निसटतो. बघणाऱ्याला वाटतं, पाण्यातला कुठलातरी स्यूडोमोनास पडला असेल. पण त्याच कागदावर खाली औषधांची यादी आहे. जेन्टामायसिन: दाद नाही. कोलिस्टिन: दाद नाही. को-अमॉक्सिक्लॅव्ह: दाद देतो. ही जोडी अगदी उलटी आहे. नेहमीचा स्यूडोमोनास को-अमॉक्सिक्लॅव्हला भीक घालत नाही आणि कोलिस्टिनला मात्र बहुधा दाद देतो. कोकणातला मधुमेही शेतकरी आणि असा कागद, एवढ्यावर लॅबला फोन करून ‘हे मेलिऑइडोसिस तर नाही ना?’ असं विचारायला हवं होतं. उत्तर त्या कागदावरच होतं, आणि कागद फायलीत होता.

टीबीचं औषध जंतू न दिसता सुरू करणं हा काही गुन्हा नव्हे, सरकारी नियमांतही त्याला जागा आहे आणि कित्येकांचा जीव त्याने वाचतो. पण औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांत वजन वाढायला हवं. अकरा किलो उतरतं तेव्हा काटा ओरडून सांगत असतो.

आता उपचारांबद्दल एकच गोष्ट घट्ट धरून ठेवा. शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान दोन आठवडे, पू खोल असेल तर त्याहून जास्त. ते संपलं की बाबा म्हणतील, ‘‘आता बरं वाटतंय, गावी जातो.’’ त्यानंतर को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या तीन महिने आहेत. त्या अर्धवट सोडल्या की हा आजार परत येतो. भाताची लावणी यंदा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

‘मी शिवणकाम करते. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आठ महिन्यांपासून बधिर आहे. मानेचा एमआरआय केला, मणक्याची थोडी झीज आहे म्हणाले. ट्रॅक्शन, मशीनचा शेक, गोळ्या, सगळं झालं. मध्यंतरी इस्त्री करताना करंगळी भाजली, मला कळलंच नाही, वास आल्यावर बघितलं. मानेचं ऑपरेशन करावं लागेल का?’
*(एक भगिनी, वसई)*

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि संपादकांना सांगून त्याचं उत्तर छापण्याआधी पोस्टाने पाठवलं आहे. तरी इथेही देते, कारण अशा बायका आणखी असतील.

चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेचा एमआरआय काढा, झीज दिसणारच. माझीही आहे. ती दिसली म्हणजे तीच दोषी, असं होत नाही. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग ज्या शिरेवर (रक्ताच्या नव्हे, स्पर्श कळवणाऱ्या नसेवर) आहे ती मानेतून निघते हे खरं, पण वाटेत ती कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाच्या खाचेतून जाते. कोपर दाराला आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ती शीर. तुमच्या पत्रात आठ महिन्यांत तीन डॉक्टर आहेत, एक एमआरआय आहे, दहा-बारा वेळा फिजिओ आहे. कुणी कोपराला हात लावल्याचा उल्लेख नाही.

पुढचं वाक्य वाचून घाबरू नका. बधिरता इतकी की भाजलेलं कळत नाही, तेव्हा मी ज्या गोष्टी मनात आणते त्यांत कुष्ठरोग वरच्या जागी असतो. ‘पण अंगावर चट्टा नाही!’ चट्टा नसतानाही होतो. कुष्ठरोगाचा एक प्रकार फक्त शिरांना धरतो, कातडीवर काही दाखवत नाही. त्यात कोपराची शीर दोरीसारखी जाड होते, दाबली तर दुखते. कुणाची गुडघ्याच्या बाहेरची शीर जाते आणि पाऊल लोंबायला लागतं, चप्पल पायातून सुटते. चप्पल सुटलेलीही पायाला कळत नाही.

कोपराची शीर नुसती दबूनही असं होऊ शकतं. तुम्ही शिवताना मशीनच्या कडेवर कोपर टेकवता का? मधुमेहातही नसा बधिर होतात. म्हणून पत्रावरून मी ‘हे आहेच’ असं म्हणत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि स्पष्ट म्हणा, ‘‘माझी कोपराची शीर तपासा.’’ डॉक्टर दोन्ही कोपरं धरून तुलना करतील, कापसाच्या बोळ्याने आणि पेनाच्या टोकाने स्पर्श बघतील. यात यंत्र लागत नाही. लागलंच तर पुढे नसांची तपासणी, सोनोग्राफी, क्वचित नसेचा तुकडा. कातडीचा नमुना मात्र या प्रकारात बहुधा कोरा येतो, त्यामुळे ‘निगेटिव्ह आलं’ म्हणून परत पाठवलं तर ऐकू नका.

2005 च्या अखेरीस देशात कुष्ठरोग दहा हजारांत एकाच्या खाली आला आणि तो संपला असा समज पसरला. आनंदवन ज्या राज्यात उभं राहिलं तिथल्या तरुण डॉक्टरांनीही कुष्ठरोगाची जाड शीर हाताने कधी चाचपलेली नसते. त्यांना दोष देत नाही, दाखवणारेच राहिले नाहीत. आम्हाला शिकवणारे सर पेशंटला दारातूनच ‘नमस्कार’ करायला लावायचे. नमस्कार करताना करंगळी वाकडी राहिली की ते आमच्याकडे बघायचे.

निदान पक्कं झालंच तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं. सुरू केल्यावर लवकरच संसर्ग पसरणं थांबतं. घरात वेगळं राहायचं नाही, शिवणकाम बंद करायचं नाही. शीर सुजलेली असेल तर स्टेरॉइडही देतात, ते वेळेत मिळालं तर बोटांची ताकद वाचते. म्हणून म्हणते, पुढच्या आठवड्यात नको, याच आठवड्यात जा. आणि इस्त्री सध्या डाव्या हाताने करा.

‘आमच्या काजूच्या बागेत मार्चमध्ये काम करणाऱ्या दोघांना ताप आला. पेशी (प्लेटलेट्स) एकदम कमी. सगळे म्हणाले डेंगू. डेंगूची टेस्ट दोनदा निगेटिव्ह. मार्चमध्ये डेंगू होतो का?’
*(बागायतदार, बांदा)*

होतो, कमी होतो. पण तुम्ही बांद्याचे, महिना मार्च, जागा काजूची बाग. एवढ्यावर माझ्या मनात पहिलं नाव येतं ते माकडतापाचं. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, तो विषाणू शोधून काढला. दोडामार्ग तालुक्यात तो 2016 मध्ये आला, त्याआधीच्या वर्षी शेजारी गोव्यात सत्तरी तालुक्यात.

गोचिडीच्या चाव्यातून येतो. गोचिडीची बारीक पिल्लं कोरड्या दिवसांत पालापाचोळ्यात असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण खाली पडलेले काजू वेचायला वाकतो. ताप जोराचा, अंग मोडून येतं, पेशी आणि पांढऱ्या पेशी दोन्ही घसरतात, कधी हिरड्यांतून रक्त येतं. डेंगूची हुबेहूब नक्कल. फरक असा की काहींना ताप उतरून आठवडाभर बरं वाटतं आणि मग दुसऱ्यांदा चढतो, तेव्हा मान आखडणं, भ्रम, झटके अशी डोक्याची लक्षणं येतात. माणूस तोवर कामाला लागलेला असतो. ते दोघं आता कुठे आहेत? बरे दिसत असले तरी दोन-तीन आठवडे नजर ठेवा.

‘पेशी कमी म्हणजे डेंगू’ हे समीकरण आपल्याकडे पक्कं बसलंय. पेशी मलेरियात, लेप्टोत (पाण्या-चिखलातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये), स्क्रबमध्ये, माकडतापात, कशातही कमी होतात. पेशींचा आकडा धूर दाखवतो, काय जळतंय ते सांगत नाही. माकडतापासाठी रक्त पहिल्या आठवड्यातच पीसीआरला पाठवावं लागतं, ते आरोग्य खात्यामार्फत जातं. बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला आणि वनखात्याला कळवा. वेचणीला जाताना आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचिडींना दूर ठेवणारं डेपा तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे लगेच धुवा. आणि पपईच्या पानांचा रस प्यायचा असेल तर प्या, पण माझ्या परवानगीने प्यायलात असं सांगू नका.

‘बाबांना पोटऱ्या दुखत होत्या म्हणून हाडाच्या डॉक्टरकडे नेलं, डोळे लाल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि लेप्टो निघाला. आता दर पावसाळ्यात डॉक्सीच्या गोळ्या घ्याव्यात का?’
*(राजापूर)*

दोन डॉक्टरांनी आपापला तुकडा बघितला आणि दोघांच्या मध्ये बाबा राहिले. चिखलात काम करणारा माणूस, ताप, लाल पण चिपडं न येणारे डोळे, आणि हात लावू न देणाऱ्या पोटऱ्या, हे तिन्ही एकत्र ऐकलं की कोकणातल्या आशाताईसुद्धा ‘लेप्टो’ म्हणतात. 2005 च्या जुलैत मुंबई बुडाली, त्यानंतर शहरी डॉक्टरांनाही हे पाठ झालं होतं. लेप्टोची कावीळ फसवी असते: डोळे हळदीसारखे, पण लिव्हरचे एन्झाइम थोडेसेच वाढलेले. आणि किडनी बिघडते तरी लघवी पुष्कळदा चालूच असते, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही.

सरसकट गोळ्या नकोत. पूर आला, पायाला जखमा आहेत आणि पाण्यात उतरणं टळत नाही, अशांना आरोग्य खातं आठवड्याला एकदा डॉक्सी देतं, तेवढ्यापुरती घ्यावी. एरवी गमबूट. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी शेतकरी हसतात, कारण लावणीच्या चिखलात गमबूट घोट्यापर्यंत रुततो, आणि माणूस पाय उचलतो तेव्हा बूट तिथेच राहतो. मी एकदा स्वतः उतरून बघितलं. माझा डावा बूट अजून त्या शेतात आहे. तेव्हापासून सांगते, किमान पायाच्या भेगांना रात्री खोबरेल लावा, जखमेवर चिकटपट्टी मारून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, घरी आल्यावर साबणाने पाय धुवा. आणि दवाखान्यात गेलात की पोटऱ्या आणि डोळे एकाच डॉक्टरला दाखवा.